कॉलेजातले पहिले शंभर दिवस



दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, अर्ज, याद्या आणि दाखले यांची धावपळ संपते आणि एके दिवशी तुम्ही कॉलेजच्या फाटकातून आत शिरता. घरच्यांना वाटते, आता काळजी मिटली. खरे म्हणजे काळजीचे दिवस तेथूनच सुरू होतात. पण ते कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवतो. दरवर्षी पावसाळ्यात माझा वर्ग गच्च भरलेला असतो. एका बाकावर चौघे दाटीवाटीने बसतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तोच वर्ग ऐसपैस वाटू लागतो. काही मुले खाजगी क्लासमध्ये गेलेली असतात. काही मात्र विज्ञान शाखाच सोडून गेलेली असतात, आणि ती सगळीच काही कच्ची नसतात.

असा एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. खेड्यातल्या मराठी शाळेतून दहावीला ९१ टक्के गुण मिळवून तो आला होता. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायचा. मी फळ्यावर लिहीन ते सारे सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचा. कधी गैरहजर नाही, कधी गडबड नाही. पहिल्या चाचणीत त्याला २५ पैकी ४ गुण मिळाले. दिवाळीनंतर तो परतलाच नाही. गावी मामांच्या दुकानात बसू लागल्याचे पुढे कळले. प्रयोगशाळेच्या कपाटात त्याची वही राहिली होती. ती चाळताना मला दिसले, की पहिल्या दोन आठवड्यांच्या पानांवर इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिले होते. तिसऱ्या आठवड्यात ते विरळ झाले. त्यानंतरच्या पानांवर एकही अर्थ नव्हता. नुसतीच नक्कल होती.

त्या मुलाने मला कधी काही विचारले नाही, आणि मीही त्याला विचारले नाही. तो बाक रिकामा झाला यात त्याच्याइतकाच माझाही दोष होता. म्हणून तेव्हापासून मी पहिल्याच तासाला मुलांना जे सांगतो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

शाळेत तुम्हाला कोण मोजत होते?

शाळेत तुमच्यावर सतत कोणाची ना कोणाची नजर होती. बाई रोज गृहपाठ तपासत. सर वर्गात उभे करून प्रश्न विचारत. चार दिवस गेला नाहीत, तर घरी निरोप जाई. या साऱ्याचा तुम्हाला कंटाळा येत असेल, पण त्यातून एक मोठे काम आपोआप होत होते. तुम्हाला काय येते आणि काय येत नाही, याचे मोजमाप कोणी दुसरेच रोज करून देत होते.

कॉलेजात ही व्यवस्था एकदम नाहीशी होते. एका तुकडीत शंभराहून अधिक मुले असू शकतात. प्राध्यापकांना सगळ्यांची नावे ठाऊक नसतात. तास संपला की ते दुसऱ्या वर्गावर जातात. गृहपाठ कोणी मागत नाही. वही कोरी राहिली तरी कोणी रागवत नाही. पहिले काही आठवडे हे स्वातंत्र्य फार गोड लागते. पण पहिली चाचणी होईपर्यंत आपण कोठे आहोत हे आपल्याला कळलेलेच नसते.

म्हणून कॉलेजात शिकण्याची पहिली गोष्ट कोणती, असे मला विचाराल, तर मी म्हणेन, की स्वतःचे मोजमाप स्वतः घेणे. आणि मोजमाप कसे घ्यावे, हे सांगायला पदार्थविज्ञानाइतका चांगला गुरू दुसरा नाही.

स्क्रू गेजचा धडा

अकरावीच्या प्रयोगशाळेत तुमच्या हातात स्क्रू गेज येईल. बारीक तारेचा व्यास मोजण्याचे हे साधन. त्याचा स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की १ मिलिमीटर पुढे सरकतो आणि त्याच्या गोल पट्टीवर १०० भाग असतात. म्हणजे त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. आपल्या साध्या मोजपट्टीपेक्षा शंभर पट बारीक!

पण तार मोजण्यापूर्वी एक गोष्ट करावी लागते. दोन्ही टोके एकमेकांना टेकवून पट्टी शून्य दाखवते का ते पाहायचे. बहुधा दाखवत नाही. मध्ये काहीच नसताना समजा ती ०.०४ मिलिमीटर दाखवते. ही झाली शून्य त्रुटी. मग तारेचे वाचन ०.५२ आले, तर खरा व्यास ०.४८ धरायचा. शून्य त्रुटी असणे हा काही गुन्हा नव्हे. त्रुटी ठाऊक असेल, तर जुन्या झिजलेल्या साधनानेही अचूक माप घेता येते. ठाऊक नसेल, तर नवे कोरे साधनही फसवते.

आता गंमत पाहा. ‘मला हे समजले आहे’ असे जे आपल्याला आतून वाटते, तेही एक मोजण्याचे साधनच आहे. आणि त्यात शून्य त्रुटी असते, तीही बहुधा अधिक बाजूची! मध्ये काहीच नसताना ते ‘समजले’ असे दाखवते.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला, आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांनी बाजी मारली. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, तर लिहून पाहणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ६१ टक्के.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आठवड्यानंतर किती आठवेल, असा अंदाज सर्वांना आधीच विचारला होता. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास जास्त होता. वाचलेला मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ती ओळख आपण ज्ञान समजतो. खिडकीजवळच्या त्या मुलाचेही असेच झाले असावे. त्याची वही पूर्ण होती, आणि पूर्ण वही त्याला ‘सर्व ठीक आहे’ असेच दाखवत होती.

कोरा कागद

मग ही त्रुटी काढावी कशी? त्याला कोऱ्या कागदाखेरीज काही लागत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर वही उघडू नका. आधी एक कोरा कागद घ्या. आज पदार्थविज्ञानाच्या तासाला काय झाले ते दहा मिनिटांत आठवेल तसे लिहा. व्याख्या, आकृती, सूत्र, उदाहरण, जे येईल ते. मग वही उघडून ताडून पाहा. जे सुटले किंवा चुकले त्याखाली लाल रेघ मारा. ही लाल रेघ म्हणजे तुमची शून्य त्रुटी. पहिल्या दिवशी पान लालेलाल होईल. घाबरू नका. न मोजलेल्या अज्ञानापेक्षा मोजलेले अज्ञान बरे.

हे त्याच दिवशी का करायचे, त्यालाही कारण आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि आपण त्या किती वेगाने विसरतो हे मोजले. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना मूळ वेळेपैकी किती वेळ वाचतो, हे त्याचे माप. १८८५ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका तासानंतर ही बचत ४४ टक्के उरली होती, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि एका महिन्यानंतर २१ टक्के. २०१५ साली ॲमस्टरडॅममध्ये हाच प्रयोग पुन्हा केला गेला आणि आलेख जवळजवळ तसाच आला.

हे आकडे निरर्थक अक्षरांचे आहेत. अर्थ समजून शिकलेले इतक्या लवकर जात नाही. पण आलेखाचा आकार ध्यानात ठेवा. सुरुवातीला कडा कोसळावा तशी घसरण आणि पुढे सपाटी. पहिल्या दिवसात जे जाते, त्यामानाने नंतरच्या महिनाभरात फारच थोडे जाते. म्हणून आज संध्याकाळची दहा मिनिटे ही परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या दोन तासांना भारी पडतात. आज एकदा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने आणखी एकदा, असा क्रम ठेवा.

त्वरण आणि ॲक्सिलरेशन

मराठी माध्यमातून आलेल्यांशी आता थोडे वेगळे बोलायचे आहे. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी घेतलेल्यांना ही अडचण कमी जाणवेल, पण त्यांनीही वाचावे.

मी स्वतः मराठी शाळेतून १९९६ साली अकरावीला आलो. पहिल्या तासाला सर ‘मोमेंटम’ असे काहीतरी वारंवार म्हणत होते. तो आपला जुना ओळखीचा ‘संवेग’ आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. तेव्हा आनंद झाला आणि रागही आला. जे मला येत होते, तेच मला येत नाही असे मी तीन दिवस समजत होतो!

म्हणजे या ठिकाणी त्रुटी उलट्या बाजूची असते. येत असूनही साधन ‘येत नाही’ असे दाखवते. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, जडत्व म्हणजे इनर्शिया, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन. तुमचे मराठीतले ज्ञान वाया गेलेले नाही. त्याला फक्त दुसरे नाव मिळाले आहे. दहावीचे मराठी पुस्तक रद्दीत घालू नका. अकरावीचा इंग्रजी धडा उघडण्यापूर्वी त्याच विषयावरचा आठवी ते दहावीचा मराठी धडा वाचा. अर्धा तासही लागत नाही.

एका छोट्या वहीत दोन रकाने करा आणि रोज पाच शब्द लिहा. शंभर दिवसांत पाचशे शब्द होतील. अकरावीच्या पदार्थविज्ञानाची वाट मोकळी व्हायला ते पुष्कळ आहेत.

अनुभवाची आणखी एक गोष्ट सांगतो. मुले मोठ्या शब्दांना अडतात असे आपल्याला वाटते, पण ती खरी अडतात लहान शब्दांना. ‘ॲक्सिलरेशन’ शब्दकोशात सापडतो, सर फळ्यावर त्याची व्याख्याही लिहितात. पण ‘हेन्स’, ‘व्हेअरॲज’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘निग्लेक्टिंग’ यांचा अर्थ कोणी सांगत नाही. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे ‘अनुक्रमे’. हा एक शब्द न कळल्याने गणितातल्या दोन वस्तूंची वस्तुमाने उलटी धरलेली मी कितीदा पाहिली आहेत! हे लहान शब्द वीस-पंचवीसच आहेत. त्यांना वहीत पहिले पान द्या.

आणि शंका मराठीत विचारा. इंग्रजी वाक्य जुळवण्यात तास संपतो आणि शंका घरी परत जाते. विज्ञानाला तुमच्या भाषेची लाज वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

बरोबर उत्तराचा मोह

आता प्रयोगशाळेकडे वळू. येथे स्वतःला फसवण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण उत्तर आधीच ठाऊक असते.

साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. दोलकाच्या आवर्तकालावरून गुरुत्व त्वरण काढायचे. मी अकरावीत असताना माझे उत्तर ९.५ आले. पुस्तकात ९.८१ होते. मी खोडरबर घेतले, वेळेचे आकडे ‘दुरुस्त’ केले आणि नेमके ९.८१ आणून दाखवले. आमच्या सरांनी वही पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “अरे वा! तुझ्या हातात इतके चांगले घड्याळ आहे होय?” मला त्याचा अर्थ समजला नाही. मग त्यांनी गणित मांडून दाखवले.

तुम्हीही मांडून पाहा. एक मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद, म्हणजे २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना हाताची चूक मिळून ०.२ सेकंद धरू. म्हणजे वेळेत अर्ध्या टक्क्याची चूक. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात चूक दुप्पट, म्हणजे एक टक्का. ९.८ चा एक टक्का सुमारे ०.१. तेव्हा प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्याचे उत्तर ९.७ ते ९.९ यांच्या दरम्यान कोठेही पडावे. वर्गातल्या सर्वांचे उत्तर ९.८१ आले, तर प्रयोग उत्तम झाला असे नव्हे. प्रयोग झालाच नाही असे समजावे!

आणखी एक विनोद त्या ९.८१ मध्ये लपलेला आहे. गुरुत्व त्वरण सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्ताकडे ते कमी आणि ध्रुवांकडे जास्त असते. आपल्या महाराष्ट्रात ते सुमारे ९.७९ आहे. म्हणजे मी खाडाखोड करून जे ‘बरोबर’ उत्तर आणले, ते आपल्याकडचे नव्हतेच. आणि माझे मूळ ९.५? सरांनी मला दोलक पुन्हा मोजायला लावला. मी लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न घेता दोरा जेथे गोळ्याला बांधला होता तेथपर्यंतच घेतली होती, आणि हुकाची लांबीही धरली नव्हती. ही तीन सेंटिमीटरची चूक माझ्या उत्तराने मला प्रामाणिकपणे सांगितली होती. मी तिचे तोंड बंद केले होते.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हा मोह होतो. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनचे १९१३ सालचे मूल्य आजच्या मूल्यापेक्षा सुमारे ०.६ टक्क्याने कमी होते, कारण हवेच्या चिकटपणाचे त्याने वापरलेले मूल्य थोडे चुकीचे होते. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली एका भाषणात निदर्शनास आणले, की नंतरच्या संशोधकांची मूल्ये एकदम नव्हे, तर हळूहळू वर सरकत गेली. मिलिकनपेक्षा फार वेगळे उत्तर आले की त्यांना आपलेच काही चुकले असे वाटे आणि ते चूक शोधत बसत. जवळचे उत्तर आले की तितके शोधत नसत. तेव्हा तुमच्या वहीत ९.५ आले, तर ते खोडू नका. खाली एक ओळ लिहा, ‘उत्तर कमी आले, कारण शोधत आहे.’ असे लिहिलेली वही मला शंभर ९.८१ पेक्षा आवडते.

आणखी काही लहान गोष्टी

तासाला प्रत्येक शब्द उतरवत बसू नका. पानाच्या डावीकडे चार बोटे समास सोडा आणि जेथे समजले नाही तेथे फक्त प्रश्नचिन्ह करा. संध्याकाळी ही प्रश्नचिन्हे मोजा. आठवड्याच्या शेवटी जी उरतील, ती घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत या. आम्ही कोणाला खात नाही! उलट, नेमकी शंका घेऊन येणारा विद्यार्थी दिसला की आमचा दिवस चांगला जातो.

गणिताची भीती साठू देऊ नका. त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, सदिश आणि कलनाची तोंडओळख यांवाचून अकरावीचे पदार्थविज्ञान पुढे सरकत नाही. पहिल्या महिन्यात रोज चार गणिते सोडवाल, तर वर्षभर हात मोकळा राहील.

अभ्यासाला एक-दोन सोबती शोधा. आठवड्यातून एकदा एकाने फळ्यापाशी उभे राहून दुसऱ्याला समजावायचे. समजावताना जेथे जीभ अडते, तेथे आपले ज्ञान संपते, हे लगेच कळते. त्या तासाला मोबाईल बंद करून दप्तरात ठेवा.

वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्यांना पहिले काही दिवस घरची फार आठवण येते. ते स्वाभाविक आहे, त्यावरून आपण दुबळे आहोत असे ठरवू नका. जेवण आणि झोप चुकवू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला ही कामे शेवटच्या तारखेवर ढकलू नका. पैशांची अडचण असेल, तर वर्गशिक्षकांना वेळीच सांगा. पुष्कळदा वाट निघते, पण न सांगितलेल्या अडचणीला वाट नसते.

करून पाहा

येत्या चौदा दिवसांसाठी एक प्रयोग देतो. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात तारीख आणि विषय. दुसऱ्यात, कोरा कागद घेण्यापूर्वी, आजच्या तासातले मला दहापैकी किती येते याचा अंदाज. तिसऱ्यात, कागद तपासल्यावर प्रत्यक्ष गुण. चौथ्यात दोहोंतला फरक, म्हणजे तुमची शून्य त्रुटी. चौदाव्या दिवशी आलेख काढा. फरक हळूहळू कमी होताना दिसला, तर तुमचे गुण अजून कमी असले तरी तुम्ही योग्य मार्गावर आहात. फरक अधिक आणि उणे दोन्ही बाजूंना येतो का, कोणत्या विषयात कोणत्या बाजूला येतो, हेही पाहा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. दहावीचा वर्ग निरोप घेण्यापूर्वी एक-दोन तास या कोऱ्या कागदाला द्या. आणि कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांनी तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या वह्या एकदा चाळाव्यात. गुण देण्यासाठी नव्हे. पेन्सिलीने लिहिलेले अर्थ कोठे थांबले, एवढेच पाहण्यासाठी.

मीही आता तसे करतो. गेल्या वर्षी एका मुलीच्या वहीत ते अर्थ अकराव्या पानावर थांबलेले दिसले. मी तिला बोलावून विचारले, “काय झाले?” ती म्हणाली, “सर, शब्द फार होते, म्हणून सोडून दिले.” आम्ही दोघांनी मिळून त्या पानावरचे शब्द मोजले. नवे शब्द फक्त नऊ निघाले. ती यंदा बारावीला आहे.

तेव्हा घाबरायचे कारण नाही. आज संध्याकाळी एक कोरा कागद घ्या आणि मोजायला सुरुवात करा. आलेख कसा आला, ते मला जरूर कळवा.